वाचकांचे प्रश्न : मागचे पाटे आत सरकवावेत का?

प्रश्न : माझ्याकडे १९६८ सालची डॉज डार्ट आहे. ३१८ घनइंची, आठ सिलिंडरांचे व्ही इंजिन आहे. माझ्या सासऱ्यांनी ही गाडी मुंबईतील एका परदेशी कुटुंबाकडून घेतली होती आणि ती आजही चालू स्थितीत आहे. मागील चाकांना सध्या २०५ मिलिमीटर रुंदीचे टायर आहेत, तेथे मला २७५ मिलिमीटरचे बसवायचे आहेत. भोसरीतील एका फॅब्रिकेटरने दोन्ही पाटे (लीफ स्प्रिंग) ३ इंच आत, म्हणजे चासीच्या बरोबर खाली घ्यावेत असे सुचवले आहे. अमेरिकेत यासाठी तयार संच मिळतात, असेही ते म्हणतात. पाट्यांमधील अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत ४३ इंच आहे आणि मागील दोन चाकांच्या मध्यांतील अंतर साडेपंचावन्न इंच आहे. टायर आणि पाटा यांच्यामध्ये दोन्हीकडे सव्वा इंच मोकळी जागा आहे. टायरपासून मडगार्डच्या कडेपर्यंत डावीकडे पावणेदोन इंच आणि उजवीकडे दीड इंच आहे. पुढे गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करण्याचाही विचार आहे. काम सुरू करावे का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : पाटे तीन इंच आत घेण्याचे काम सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्धा इंच आत घेण्याचा मार्ग मात्र तुमच्यासाठी खुला आहे आणि तो विचार करण्याजोगा आहे. तुम्ही मापे काळजीपूर्वक पाठवलीत याचा मला विशेष आनंद झाला, कारण या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या मापांतच आहे.

उजवीकडची बाजू अधिक अडचणीची आहे, म्हणून हिशेब तिचाच करू. २०५ मिलिमीटर म्हणजे साधारण आठ इंच. त्यात आतील सव्वा आणि बाहेरील दीड इंच मिळवले की पाट्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत एकूण पावणेअकरा इंचांहून किंचित अधिक जागा होते, म्हणजे जवळजवळ २७५ मिलिमीटर. याचा अर्थ असा की तुम्हाला हवा असलेला टायर आज तेथे ठेवला, तर तो एका बाजूने पाट्याला आणि दुसऱ्या बाजूने मडगार्डला टेकेल. गाडी वळणावर कलते, पाटे आडवे थोडे लवतात, टायरची बाजूही फुगते. त्यामुळे दोन्हीकडे किमान पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जागा मोकळी सोडलीच पाहिजे. ती वजा केल्यावर २४३ मिलिमीटर उरतात. म्हणजे २३५ मिलिमीटरचा टायर कोठेही कापाकापी न करता, केवळ योग्य रिम निवडून बसतो. पाटे अर्धा इंच आत घेतले तर हीच जागा २५६ मिलिमीटर होते आणि २५५ चा टायर बेताने पण नीट बसतो. २७५ च्या टायरसाठी आज कमी पडणारी जागा आहे सव्वा इंच, आणि त्यासाठी गाडीचे मागचे अंग तीन इंचांच्या हिशेबाने कापायचे, एवढा हा सौदा आहे. अर्धा इंच सरकवल्यानंतर २५५ आणि २७५ यांच्यातील फरक अवघ्या २० मिलिमीटरचा राहतो. त्या वीस मिलिमीटरसाठी काय काय द्यावे लागते, ते आता पाहू.

मालमोटारी पाहण्याची सवय असल्याने आपल्याकडे पाटा म्हणजे वजन पेलणारी वस्तू, एवढाच समज असतो. डार्टसारख्या गाडीत पाटा त्याहून पुष्कळ अधिक कामे करतो. मागील एक्सलला पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे जागेवर धरून ठेवणारा दुसरा कोणताही दांडा या गाडीत नाही. इंजिनाने दिलेली ओढ एक्सलकडून गाडीच्या सांगाड्यापर्यंत पोहोचते ती पाट्याच्या पुढच्या भागातून, आणि ब्रेक लावल्यावर एक्सल उलटा फिरू पाहतो तेव्हा त्याला अडवतो तोही पाटाच. क्रायस्लरने या गाड्यांत एक्सल पाट्याच्या बरोबर मध्यावर न बसवता पुढे सरकवून बसवला होता तो याचसाठी. पुढचा आखूड आणि ताठ भाग दांड्याचे काम करतो, तर मागचा लांब भाग उसळी शोषतो. तेव्हा पाटा हलवणे म्हणजे केवळ स्प्रिंग हलवणे नव्हे, तर एक्सल ज्या एकमेव आधारावर उभा आहे तो आधारच हलवणे होय.

आता तीन इंचांचा पहिला परिणाम पाहा. गाडी वळणावर कलते तेव्हा मागचे पाटे जो विरोध करतात, तो त्यांच्यामधील अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ४३ इंचांचे अंतर ३७ वर आले की हा विरोध सुमारे २६ टक्क्यांनी घटतो. अर्धा इंच सरकवल्यास अंतर ४२ होते आणि घट पाच टक्क्यांच्याही आत राहते, जी चालवताना जाणवतही नाही. सव्वीस टक्के मात्र बोपदेव घाटाच्या पहिल्याच वळणावर जाणवतील. अमेरिकेत हे काम करणारे बहुतेक जण त्या गाड्या सरळ रेषेत पाव मैल पळवण्यासाठी बांधतात, आणि जे रस्त्यावर चालवतात ते मागे अँटिरोल बार (गाडीचे कलणे रोखणारा दांडा) बसवून ही उणीव भरून काढतात. तुमची गाडी रविवारी सकाळी घाटात जाणार असेल, तर हा बार हौस म्हणून नव्हे, तर गरज म्हणून बसवावा लागेल.

दुसरा परिणाम एक्सलवर होतो आणि तो सहसा कोणी बोलून दाखवत नाही. चाकाचा मध्य आणि पाट्याचा मध्य यांच्यातील अंतर आज सव्वासहा इंच आहे. पाटे तीन इंच आत गेले की ते सव्वानऊ होते. गाडीचे तेच वजन आता जवळजवळ दीडपट लांबीच्या तरफेवर एक्सलची नळी वाकवू पाहते. रुंद चाक खोल रिमवर बसवल्यामुळे चाकाचा मध्यही थोडा आत येतो आणि काही भार कमी होतो, हे खरे आहे, पण सगळा नाही. खड्ड्यात चाक आपटते तेव्हा हा फरक स्थिर वजनापेक्षा कितीतरी पट अधिक जाणवतो, आणि आपल्याकडचे पावसाळ्यातले रस्ते तुम्हाला मी सांगायला नकोत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डार्टला जीप किंवा मालमोटारीसारखी स्वतंत्र चासी नाही. आपण जिला चासी म्हणतो ती मागच्या बाजूला वाकवलेल्या पत्र्याची, स्पॉट वेल्डिंगने जमिनीच्या पत्र्याला जोडलेली पोकळ पेटी आहे. कंपनीने पाटे त्या पेटीच्या बाहेरच्या अंगाला टांगले. ते पेटीखाली आणायचे म्हणजे पुढचा हँगर (पाट्याचे पुढचे टोक धरणारा कंस) मागच्या आसनाखालच्या पत्र्यात नवी बैठक कापून बसवायचा आणि मागच्या शॅकलचा (पाट्याचे मागचे टोक टांगणाऱ्या दुव्याचा) बोल्ट पेटीच्या आरपार न्यायचा. त्या बोल्टाभोवती जाड नळी आरपार वेल्ड केली नाही, तर बोल्ट आवळताच पेटीच्या भिंती आत दबतात. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजात अशी एक गाडी लिफ्टवर पाहिली होती. नळी न घालता शॅकल बसवलेला होता. पेटीची बाहेरची भिंत कागदी डब्यासारखी चुरगळली होती, बोल्टाचे गोल भोक झिजून लांबट झाले होते आणि त्याच्याभोवती गंजाची तांबूस भुकटी साचली होती. मालकाची तक्रार एवढीच होती की गाडी महामार्गावर मागून डुलते. ती गाडी मी आजही विसरलेलो नाही, कारण तेथे पूर्ववत करण्यासारखे काही शिल्लक राहिले नव्हते.

हे सर्व झाले तरी काम संपत नाही. पाटा पेटीखाली गेला तरी चाकाच्या आतला गोलाकार पत्रा जागेवरच असतो. तो कापून रुंद करावा लागतो, आणि मग मागचे आसन, डिकीतला पत्रा, सायलेन्सरचा पाइप, हँडब्रेकची केबल आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या बैठका, सर्वांनाच हात लावावा लागतो. पेट्रोलची टाकी तर डिकीच्या खालीच आहे. मागच्या बाजूला वेल्डिंगची एकही ठिणगी पडण्यापूर्वी ती टाकी गाडीपासून काढून दूर नेलीच पाहिजे. रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण उरते. ‘टाकी रिकामी आहे, काही होत नाही’ असे कोणी म्हणाले, तर तेथून गाडी परत आणावी.

आता नोंदणीविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने झालेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन त्यात बसते, परंतु ते मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी, अशी अट आहे. अशा वाहनाला नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात आणि नोंदणी दहा वर्षांसाठी असते. मागची पेटी कापलेली, आतले पत्रे रुंद केलेली डार्ट या अटीत बसवणे मला शक्य दिसत नाही. याशिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे वाहनात मनमानी बदल करता येत नाहीत, आणि कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. सासऱ्यांनी इतकी वर्षे जपलेल्या या गाडीचा व्हिंटेज नोंदणीचा हक्क वीस मिलिमीटर रबरासाठी घालवू नये, असे मला मनापासून वाटते.

अर्ध्या इंचाच्या कामात पुढचे हँगर आणि मागचे शॅकल बदलतात. मूळ हँगर बोल्टांनीच बसवलेले असल्यामुळे ते काढून कापडात गुंडाळून ठेवता येतात आणि पुढे केव्हाही परत बसवता येतात. वेल्डिंग करावे लागते ते फक्त एक्सलवरील पाट्याच्या बैठकींचे. त्या प्रत्येकी अर्धा इंच आत घ्याव्या लागतात. चासी आणि बॉडी शेल यांना येथे हात लागत नाही, तरीही काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करून उत्तर फाइलला लावून ठेवावे.

काम करताना घाई होऊ देऊ नये असे दोन-तीन टप्पे आहेत. पहिला टप्पा मोजमापाचा. गाडी सपाट फरशीवर स्वतःच्या चाकांवर, टाकी निम्मी भरून उभी करावी. जॅकवर लोंबणाऱ्या एक्सलवर घेतलेले कोणतेही माप फसवे असते. डार्टचा पुढचा भाग टॉर्शन बारवर (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्यांवर) उभा असतो आणि त्याची उंची बोल्टाने कमी-जास्त करता येते, म्हणून आधी पुढची उंची दोन्ही बाजूंना सारखी करून घ्यावी. मग मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडावा आणि फरशीवर खडूने खूण करावी. तुमच्या गाडीत डाव्या-उजव्या बाजूंत दोन सुतांचा फरक आहे, तो एक्सल किंवा बॉडी किंचित सरकल्याचा आहे. या वयाच्या गाड्यांत तो बहुधा आढळतो, त्याने घाबरू नये. पण दोन्ही कर्ण, म्हणजे डाव्या पुढच्या हँगरच्या बोल्टापासून उजव्या मागच्या शॅकलपर्यंतचे आणि त्याच्या उलट, हे एका सुतात जुळतात का ते जरूर पाहावे. ते जुळत नसतील, तर पाट्याला हात लावण्याआधी सांगाडा सरळ आहे की नाही याची तपासणी हवी.

चाके काढताना एक जपावे. या काळातील क्रायस्लरच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्यांचे असतात आणि त्यांच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ अक्षर ठोकलेले असते. आपल्याकडील पोरे सवयीने नेहमीच्या दिशेला जोर लावतात, नट आणखी आवळला जातो आणि लांब पाइप लावून ओढल्यावर स्टड तुटतो. तो स्टड नाना पेठेत मिळण्याची आशा धरू नये.

बैठकींच्या वेल्डिंगचा टप्पा सर्वांत नाजूक आहे. नव्या बैठकी आधी मोकळ्या ठेवून एक्सल पाट्यांवर बसवावा, गाडी पूर्ण वजनावर आणावी, डिफरन्शियलचे नाक (प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो ते पुढचे टोक) योग्य कोनात आणून मगच टाके मारावेत. पाट्यांच्या गाडीत ओढ बसली की हे नाक वर उचलले जाते, म्हणून उभ्या गाडीत ते प्रोपेलर शाफ्टच्या तुलनेत दोन ते तीन अंश खाली ठेवण्याची रीत आहे. हा कोन चुकला तर साठ-सत्तरच्या वेगाला आसनाखाली गुरगुर सुरू होते आणि दोष प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातील बिचाऱ्या यूजे क्रॉसला दिला जातो. पूर्ण वेल्डिंग एक्सल खाली काढून, आतले शाफ्ट आणि बेअरिंग बाहेर काढून करावे. एका जागी इंचभर टाका, मग समोरच्या बाजूला इंचभर, मग थंड होण्याची वाट, असे करावे. एका दमात वेल्डिंग ओढले की नळी केळ्यासारखी वाकते आणि टायर एकाच कडेने झिजू लागतात.

रिम मागवण्यापूर्वी टायरची खरी रुंदी मोजावी, कारण रिम अर्धा इंच रुंद घेतली की तोच टायर सुमारे पाच मिलिमीटर रुंद होतो. शेवटची कसोटी म्हणून मी एक साधा उपाय सुचवतो. शाडूच्या ओल्या मातीचे लिंबाएवढे गोळे मडगार्डच्या आतल्या कडेला आणि पाट्याच्या बाजूला, टायरच्या समोर चिकटवावेत, चार माणसे बसवावीत आणि दोन-चार गतिरोधक व एखादे घाटाचे वळण घेऊन परत यावे. गोळा किती चेपला ते पाहिले की जागा किती उरते याचा जो अंदाज येतो, तो कोणत्याही कोष्टकातून येत नाही. माती सुकण्यापूर्वी फेरी पूर्ण करावी.

प्रश्न : माझी १९६६ सालची फोर्ड मस्टँग मागून डाव्या बाजूला दीड इंच बसली आहे. हडपसर भागातील एका पाटेवाल्याने पाटे ‘गॅसवर गरम करून चढवून देतो’ आणि वर एक पाटा जास्त घालतो असे सांगितले. एका दिवसात काम होईल म्हणतात. करून घ्यावे का?
— एक वाचक, मगरपट्टा

उत्तर : आधी दोष खरोखर मागेच आहे का, हे ठरवून घ्यावे. गाडीचा पुढचा भाग बरोबर मधोमध, एकाच बिंदूवर जॅक लावून चाके जमिनीवरून सुटेपर्यंत उचलावा आणि मागची उंची पुन्हा मोजावी. आता मागचे दोन्ही कोपरे सारखे आले, तर दोष पुढच्या कॉइल स्प्रिंगमध्ये आहे आणि मागची बाजू केवळ तिच्या मागे कलली आहे. मागे फरक तसाच राहिला, तरच पाट्यांकडे वळावे.

पाटे पुन्हा चढवणे हे काम वाईट नाही. आपल्याकडचे जुने पाटेवाले थंड पाटा ऐरणीवर ठेवून, घणाचे हलके घाव इंचाइंचावर देत त्याला अशी सुरेख कमान देतात की पाहत राहावे. माझी हरकत गॅसच्या ज्योतीला आहे. पाट्याचे पोलाद साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत सर्वत्र सारखे तापवून तेलात विझवलेले असते आणि मग सुमारे ४५० ते ५०० अंशांवर टेम्पर केलेले, म्हणजे पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी केलेले असते. त्याची लवचीकता या दोन पायऱ्यांतून येते. ज्योतीने मधलाच एक पट्टा लाल केला की त्या पट्ट्याचे टेम्पर जाते, पाटा महिनाभर छान दिसतो आणि मग पुन्हा बसतो, किंवा जेथे कडक आणि मऊ भाग मिळतात तेथे तडकतो. भट्टीत पूर्ण पाटा तापवून, तेलात विझवून, टेम्पर करून देणारा कारागीर मिळाला तर अवश्य द्यावा. तो त्या कामाला एका दिवसाहून अधिक वेळ मागेल, आणि ते योग्यच आहे.

पाटे उघडल्यावर प्रत्येक पाटा रॉकेलने धुऊन उन्हात तिरका धरून पाहावा. भार पडल्यावर पाट्याच्या वरच्या, खोलगट अंगावर ताण येतो, त्यामुळे केसासारखी बारीक चीर तेथेच किंवा मधल्या बोल्टाच्या भोकाशी सापडते. चीर दिसली तर तो पाटा चढवण्याच्या लायकीचा राहिलेला नाही. वेल्डिंग करून घेण्याचा विचारही मनात आणू नये.

जास्तीच्या पाट्याविषयी थोडे गणित सांगतो. तुमच्या गाडीला चार पाटे आहेत. त्याच लांबी-जाडीचा पाचवा घातला तर मागची बाजू सुमारे पंचवीस टक्के ताठ होईल. पाटेवाल्याकडे त्याच जाडीचा नसला आणि त्याने सहा मिलिमीटरच्या जागी सात मिलिमीटरचा वापरला, तर केवळ त्या एका पाट्याचा ताठरपणा जवळजवळ साठ टक्क्यांनी अधिक भरतो, कारण ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. मालमोटारीत ओझे वाहायचे असते, म्हणून तेथे पाटा वाढवण्याची रीत पडली. मस्टँगची मागची बाजू हलकी असते. ती ताठ केली की खडबडीत रस्त्यावर मागची चाके जमीन सोडून थरथरतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी मागून निसटू पाहते. तुमची उंची हरवली आहे, ताकद नव्हे, म्हणून चारच पाटे ठेवून दोन्ही बाजू एकाच वेळी, एकाच कमानीच्या करून घ्याव्यात. फक्त डावी बाजू चढवली तर सहा महिन्यांनी उजवीची तक्रार घेऊन पुन्हा तेथेच जावे लागेल.

उघडण्यापूर्वी प्रत्येक पाट्यावर रंगाने ‘पुढे’ असे लिहून ठेवावे. एक्सल मध्यापासून पुढे असल्याने पाट्याचे पुढचे आणि मागचे भाग सारखे नसतात. पाटे उलटे बसवले तर चाक मडगार्डच्या मध्यावर येत नाही, आणि हे गाडी जमिनीवर उतरवेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीच्या मागील पाट्यांचे सर्व रबरी बुश आणि यू-बोल्ट नवे बसवले. तेव्हापासून गाडी मागून उंच दिसते आणि प्रत्येक गतिरोधकावर करकर आवाज येतो. नवे बुश खराब निघाले असावेत का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : बुश बहुधा चांगले आहेत, ते चुकीच्या स्थितीत आवळले गेले आहेत. गाडी जॅकवर, पाटे लोंबलेले असताना हँगर आणि शॅकलचे बोल्ट पूर्ण आवळले की रबर त्या लोंबत्या कोनात पकडले जाते. गाडी खाली उतरवल्यावर प्रत्येक बुशला पीळ बसलेला राहतो, तो पीळ गाडीला वर ढकलतो आणि प्रत्येक उसळीला रबर करकरते. असेच चालवत राहिलात तर वर्षभरात नवे बुश फाटतील.

गाडी पिटावर किंवा चाकांखाली भक्कम फळ्या ठेवून चारही चाकांवर उभी करावी. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. हँगरचे आणि शॅकलचे सर्व नट ढिले करावेत, डिकीवर दोघांनी जोर देऊन गाडी आठ-दहा वेळा दाबून सोडावी, म्हणजे पाटे आपल्या खऱ्या जागी येतील, आणि मग त्याच स्थितीत नट आवळावेत. गाडी बहुधा तेथेच अर्धा-पाऊण इंच खाली बसलेली दिसेल.

यू-बोल्ट नवे घातलेत हे उत्तम केलेत, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. एक्सल पाट्यांवर जागच्या जागी राहतो तो या पकडीमुळे. पाट्यांच्या मधून जाणारा बोल्ट केवळ जागा दाखवण्यासाठी असतो आणि यू-बोल्ट ढिले राहिले तर तो कापला जातो. नव्या यू-बोल्टांचे नट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात. तुमचे अंतर त्याहून अधिक झाले असेल, तर आवाजाचे काम होईपर्यंत थांबू नये, ते आजच पाहून घ्यावे.